तळघराच्या भिंतीला साधं लाकूड लागलंय? सगळी चौकट पाडण्याआधी हे करून बघा

मागच्या ऑगस्टमध्ये पुण्यात बावधनच्या उतारावरच्या एका बंगल्यातून फोन आला. तळघरात त्यांनी हौसेने पेटी-तबल्याच्या रियाजाची खोली करून घेतली होती. चारी भिंतींना लाकडी चौकट, तिच्यावर प्लाय, प्लायवर व्हिनियर. दोन पावसाळे नीट गेले. तिसऱ्यात एक दिवस झाडू मारताना कोपऱ्यातली स्कर्टिंग भिजलेल्या बिस्किटासारखी आत गेली. मी पोचले तोवर मिस्त्रींनी निकाल देऊन टाकला होता, "मॅडम, पाइन आहे, औषधाशिवाय लावलंय. सगळं काढावं लागेल." काकू जिन्यावर बसून होत्या. खोली केली तेव्हाचं बिल त्यांनी शोधून काढलं होतं आणि ते हातात तसंच धरलं होतं.

शेवटी आम्ही सगळं काढलं नाही. ४६ उभ्या पट्ट्यांपैकी ५ बदलल्या, ९ खालून कापून जोडल्या, बाकीच्या आजही जागेवर आहेत. तळाची आडवी पट्टी मात्र खोलीभर काढली, एक वीतही ठेवली नाही. अशी कामं मी पाषाण, बाणेर, सूस, बावधन या बाजूला बरीच केली आहेत. साधं, म्हणजे औषध न मुरवलेलं लाकूड वापरणं ही चूक खरीच. पण चौकट हातची जाते ती लाकूड काँक्रीटला टेकलेलं असतं म्हणून, आणि ओल कुठून येते ते न शोधता वरवर दुरुस्ती होते म्हणून. या दोन गोष्टी सुधारल्या तर बहुतेक लाकूड वाचतं.

पुढचं सगळं आरसीसी बंगल्यांच्या तळघराबद्दल आहे. तिथे भार कॉलम, बीम आणि काँक्रीटच्या भिंती घेतात. लाकडी चौकट फक्त आतलं अस्तर असते, त्यामुळे ती तुकड्यातुकड्याने कापता येते. पेठांतल्या जुन्या वाड्याचं तळघर असेल आणि लाकूड वरचा मजला किंवा जिना पेलत असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय करवत लावू नका. मंजूर नकाशात तळघराचा वापर काय लिहिला आहे तेही एकदा बघून घ्या.

लाकूड नेमकं कशाने जातं

लाकूड वयाने कुजत नाही. कुजवते ती बुरशी, आणि तिला लाकडात साधारण २० टक्क्यांहून जास्त ओल बराच काळ लागते. ओल त्याखाली राहिली तर साधं पाइनसुद्धा वर्षानुवर्षं टिकतं. तुमच्या वरच्या मजल्यावरच्या कपाटांमागे बहुधा अशाच पट्ट्या असतील आणि त्यांना काही झालेलं नसेल. तळघराची गोष्ट वेगळी. काँक्रीट हाताला कोरडं लागलं तरी त्याच्या बारीक छिद्रांतून जमिनीतली ओल वर येत असते. त्यावर लाकूड थेट ठेवलं की ती ओल लाकूड पितं, आणि वरून प्लाय बंद असल्यामुळे बाहेर टाकायला त्याला वाट राहत नाही.

उभ्या पट्ट्यांची खालची टोकं आधी जातात त्याचंही हेच कारण. लाकूड म्हणजे बारीक नळ्यांची जुडी. बाजूने ओल सावकाश शिरते, कापलेल्या टोकातून मात्र वातीत तेल चढावं तशी चढते.

अमेरिकेत अख्खी घरंच लाकडी चौकटीवर उभी असतात. तिथल्या घरबांधणी संहितेत नियम आहे की जमिनीला टेकलेल्या काँक्रीटवर, मध्ये ओल अडवणारा थर नसेल तर, बसणारी पट्टी औषध मुरवलेल्या किंवा मुळात टिकाऊ लाकडाचीच हवी. आपल्याकडे लाकूड टिकवण्याच्या पद्धतींसाठी आयएस (भारतीय मानक) ४०१ ही संहिता आहे, पण घरगुती इंटिरियरच्या कामात तिचा उल्लेख मी क्वचितच ऐकला. तिकडचे व्हिडिओ बघून इथे काम करणाऱ्यांना एक गोष्ट आवर्जून सांगते: थंड प्रदेशात भिंत गारठते म्हणून ते तिला फोम चिकटवतात, आणि कडाक्याच्या थंडीच्या भागात खोलीच्या बाजूने प्लास्टिकचा पडदाही लावतात. पुण्यात जमीन गोठत नाही. आपली ओल भिंतीतून आत येते. प्लायमागे खोलीच्या बाजूने प्लास्टिक लावलंत तर ती ओल लाकडासकट कोंडून ठेवाल. असं कोंडलेलं लाकूड मी उघडलं आहे, त्याचा वास कपड्यांना दोन दिवस येत होता.

आत हात लावण्याआधी बाहेर फिरा

टेकडीच्या उतारावर तळघर करायचं म्हणजे काळ्या पाषाणात खड्डा घ्यावा लागतो. पाषाणाच्या अंगातून पाणी सहज जात नाही, ते भेगांतून आणि थरांच्या सांध्यांतून वाहतं. बांधकाम झाल्यावर भिंत आणि खडक यांच्यामधली पोकळी मुरूम आणि राडारोड्याने भरतात. म्हणजे तुमचं तळघर दगडी वाटीत बसलेलं असतं, आणि पावसात ती वाटी भरते. बावधनला रामनदीकाठी तर जिवंत झरा आहे. त्या पट्ट्यात खोदताना पाणी लागलं तर नवल मानू नका.

घरच्यांना मी पहिला प्रश्न विचारते: ओल बारमाही आहे की पावसाळी? उत्तर देताना घाई करू नका, घरातल्या सगळ्यांना विचारा. पावसाची सर आली की काही तासांत डाग गडद होतो आणि उघडीप मिळाली की उतरतो, असं असेल तर पाणी वरून येतंय. गच्चीचे पाइप भिंतीच्या बुडाशी सोडलेले असतात, किंवा अंगणाचा उतार घराकडे असतो. डाग जुलैअखेरीस दिसायला लागतो आणि दिवाळीनंतरही रेंगाळतो, असं असेल तर ते जमिनीतलं पाणी. आणि एप्रिल-मेमध्येही भिंत तशीच ओली असेल तर पावसाला दोष देऊ नका. कुठलातरी पाइप, ड्रेनेजचं चेंबर, भिंतीला लागून केलेला बागेचा वाफा किंवा जमिनीखालची पाण्याची टाकी तपासा.

टाकी विशेष करून. पुण्यातल्या बंगल्यांत ती बऱ्याचदा तळघराच्या भिंतीला खेटून असते. रात्री टाकीत येणारं पाणी आणि वर चढवणारा पंप दोन्ही बंद करा, पातळीवर पेन्सिलची रेघ मारा, सकाळी बघा. बोटभरही पाणी उतरलं असेल तर आधी टाकी दुरुस्त करा, लाकूड नंतर.

ओल भिंतीतून येते की हवेतून, हे ठरवायला एक सोपी चाचणी आहे. उघड्या भिंतीवर साधारण ४५ सेंटिमीटर लांबी-रुंदीचं जाड, पारदर्शक प्लास्टिक चारी कडांनी टेपने घट्ट चिकटवा आणि पूर्ण एक दिवस तसंच राहू द्या. भिंतीकडच्या बाजूला थेंब धरले किंवा भिंत काळवंडली तर पाणी काँक्रीटमधून येतंय. खोलीकडच्या बाजूला दव दिसलं तर हवेतली वाफ थंड पृष्ठभागावर बसतेय, म्हणजे हवा खेळती करणं हा उपाय. जमिनीवरही हीच चाचणी करा, कारण तळपट्टी तिथेच बसते.

आता उघडायचं

उघडण्यासाठी सगळ्यात चांगला महिना ऑगस्ट. लोक उन्हाळ्यात उघडतात, सगळं कोरडं दिसतं, पुन्हा बंद करतात. ओल जोरात असताना बघितलंत तर ती स्वतःच आपली वाट दाखवते.

तळघराचा एमसीबी बंद करा आणि टेस्टरने प्रत्येक पॉइंट तपासा. प्लायमागे वायरचे पाइप कुठून गेलेत हे कोणालाच नक्की आठवत नसतं. मग स्कर्टिंग काढा. जमिनीपासून ३० सेंटिमीटरवर खोलीभर सूत मारा आणि कटर मशीनच्या पात्याची खोली प्लायच्या जाडीएवढीच ठेवून त्या रेषेवर कापा. १२ मिलिमीटरचा प्लाय असेल तर पातं १२ मिलिमीटरच, त्याहून खोल नाही. मागे पट्टी किंवा वायर असू शकते. कटावणीने खालची पट्टी सोडवा. अख्खा प्लाय काढायची गरज नाही. आत जे दिसेल त्यावरून पुढे किती वर जायचं ते ठरेल.

मागे ग्लासवूल किंवा रॉकवूल भरलं असेल आणि ते भिजलेलं असेल तर वाळवत बसू नका, टाकून द्या. आणि पहिला तुकडा निघण्याआधी एन-९५ मास्क घाला. बुरशीची पूड छातीला बरी नाही. घरात दम्याचं कोणी असेल तर त्यांना त्या दिवशी दुसरीकडे पाठवा.

कुठली पट्टी ठेवायची, कुठली काढायची

यात वेळ घाला. तीन गोष्टी लागतात: जुना स्क्रूड्रायव्हर, हातोडी आणि लाकडातली ओल टक्क्यांत दाखवणारा दोन टोकांचा मॉइश्चर मीटर. मीटर ऑनलाइन एक-दोन हजारांत मिळतो, आणि या कामात तो पहिल्याच दिवशी पैसे वसूल करून देतो.

प्रत्येक उभी पट्टी जमिनीजवळ, एक फुटावर आणि शक्य असेल तर तीन फुटांवर टोचा. चांगल्या लाकडात स्क्रूड्रायव्हर अडतो आणि बाहेर येताना लांब धागा उचकतो. कुजलेल्यात तो लोण्यासारखा जातो, आणि लाकूड छोट्या चौकोनी ठोकळ्यांत तुटतं. हातोडीने ठोका; भरीव लाकूड टणक वाजतं, आतून पोखरलेलं भदभद करतं. मग मीटरचा आकडा पट्टीवरच खडूने लिहा. खडूचं लिखाण महत्त्वाचं, कारण महिन्याभराने तुम्हाला आकडे उतरलेत की नाही ते बघायचंय.

माझी विभागणी अशी असते. टोचल्यावर टणक आणि २० च्या खाली: ठेवा. टणक पण २० च्या वर: ठेवा, वाळवा, पुन्हा मोजा. वर नुसती काळी बुरशी, आत टणक: साबणाच्या पाण्याने ब्रशने घासा, पुसा, वाळवा, ठेवा. फक्त खालचं टोक मऊ: कापून जोडा. एक फुटाच्या वरही मऊ: अख्खी बदला. पाइनच्या काळ्या डागांना घाबरून चांगल्या पट्ट्या फेकणारे लोक मी पाहिले आहेत. डाग आणि कुज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, निर्णय टोचणीवर घ्या, रंगावर नाही.

तळाच्या आडव्या पट्टीला ही परीक्षा लागू नाही. ती साध्या लाकडाची असेल आणि काँक्रीटला टेकली असेल तर आज टणक असली तरी काढा. उरलेल्या खोलीचं आयुष्य तिच्यावर अवलंबून आहे.

वाळवी दिसली तर

भिंतीवर पेन्सिलएवढ्या जाड मातीच्या नळ्या दिसल्या, किंवा पट्टी दाबल्यावर कागदासारखा पापुद्रा फुटून आत माती निघाली, तर ती वाळवी. आपल्याकडे इमारतीला लागणारी वाळवी बहुतेक करून जमिनीतून येते आणि ओलीसाठी जमिनीशी संबंध ठेवून असते. म्हणून नुसत्या लाकडावर औषध फवारून काम होत नाही, तिची वाट बंद करावी लागते. नळ्या पुसून टाकण्याआधी फोटो काढा, वाट कुठून आहे ते त्यावरून कळतं.

उभ्या इमारतीतल्या वाळवीसाठी आयएस ६३१३ च्या तिसऱ्या भागात पद्धत दिली आहे: भिंत आणि जमिनीच्या सांध्यालगत साधारण १२ मिलिमीटरची भोकं सुमारे ३० सेंटिमीटरवर घेऊन त्यांत औषध सोडायचं. हे काम परवानाधारक पेस्ट कंट्रोलवाल्याकडूनच करून घ्या. मात्र तळघरात एक धोका आहे आणि तो बऱ्याचदा कोणी सांगत नाही. हीच भोकं तळघराचं वॉटरप्रूफिंग फोडू शकतात. त्यांना आधी विचारा की भोक किती खोल जाणार आहे आणि नंतर कशाने भरणार. साध्या सिमेंटने नको, न आकसणाऱ्या ग्राउटने भरून घ्या. जमिनीखालची टाकी जवळ असेल तर तेही त्यांना सांगा, म्हणजे त्या बाजूला औषध सोडणार नाहीत.

ओल थांबवणं

पुण्यात पुष्कळ तळघरांना बांधकामाच्या वेळीच बाहेरून शहाबादी फरशीचं बॉक्स वॉटरप्रूफिंग, म्हणजे पेटीसारखं चहूबाजूंनी आवरण, केलेलं असतं. ते चांगलं झालं असेल तर उत्तमच, पण माती भरल्यावर त्यापर्यंत पुन्हा पोचता येत नाही. म्हणून बाहेरचं शक्य तेवढं आधी करा: गच्चीचे पाइप भिंतीपासून दूर नेऊन गटाराला जोडा, अंगणाला घरापासून बाहेरच्या बाजूला उतार द्या, भिंतीलगतचा वाफा हलवा, घराच्या वरच्या अंगाला चर काढून टेकडीचं पाणी बाजूने वळवा. मी पाहिलेल्या कितीतरी तळघरांचा प्रश्न एवढ्यावरच सुटला, आत एक थेंबही औषध न लावता.

आतून वाहती गळती असेल तर भेगेत पीयू (पॉलियुरेथेन) इंजेक्शन, काँक्रीट पोकळ राहिलं असेल तिथे सिमेंट ग्राउटिंग, आणि भिंत-जमिनीच्या सांध्याला ओल सोसणाऱ्या पॉलिमर मॉर्टरचा वाटा, म्हणजे कोपऱ्यात भरलेली गोलसर कड. त्यावर आतून चालणारं क्रिस्टलाइन कोटिंग, काँक्रीटच्या छिद्रांत स्फटिक वाढवून ती बंद करणारं. भिंतीवर लोणा फुटलेला असेल तर तो तारेच्या ब्रशने घासून काढल्याशिवाय वर काहीही मारू नका, धरणार नाही. आतून नुसता ओलप्रतिबंधक रंग मारून मोकळं होणाऱ्यांना वर्षभरात पोपडे दिसतात, कारण मागचं पाणी तो रंग ढकलून काढतं.

इतकं करूनही जमिनीतून पाणी येतच असेल तर एका कोपऱ्यात लहान खड्डा, फ्लोटवर आपोआप चालणारा पंप, आणि पावसाळ्यात वीज गेली तर काय याचा विचार. याला पर्याय नाही.

मग पंखे लावून वाळू द्या. गरम हवेचा ब्लोअर नको, लाकूड वेडंवाकडं होतं. तीन-चार आठवडे लागतात, कधी जास्त. खडूने लिहिलेले आकडे १५-१६ वर उतरेपर्यंत पुढे जाऊ नका.

तळपट्टी बदलणं

हे या कामाचं हृदय आहे.

आधी उभ्या पट्ट्या आपल्या जागी राहतील अशी सोय करा. जमिनीपासून दोन फुटांवर, प्लायवरूनच, एक सरळ दणकट आडवं बॅटन प्रत्येक उभ्या पट्टीला स्क्रूने जोडा. हे तात्पुरतं आहे, पण ते नसेल तर तळपट्टी निघताच सगळ्या पट्ट्या खालून झुलतात आणि व्हिनियरला तडे जातात. प्लायवर स्क्रूची भोकं पडतील, ती नंतर भरता येतात.

तळपट्टी एका दमात उपटू नका. दोन उभ्या पट्ट्यांच्या मध्ये ती करवतीने कापा, म्हणजे हाताएवढे तुकडे होतील. उभ्या पट्टीतून खाली ठोकलेला खिळा हॅकसॉचं पातं आडवं घालून कापा. एकेक तुकडा कटावणीने उचला. जमिनीत राहिलेल्या गिट्ट्या (स्क्रू धरण्यासाठी भोकात ठोकलेले तुकडे) आणि स्क्रू काढा. कुजलेली लाकडी गिट्टी म्हणजे जमिनीतून वर येणारी वातच असते, ती राहू देऊ नका. भोकं ग्राउटने भरा. जमीन खरवडून, व्हॅक्युम करून दोन दिवस उघडी ठेवा.

नव्या पट्टीसाठी चार पर्याय आहेत. भवानी पेठेच्या टिंबर मार्केटमध्ये विचारलंत तर दाबाखाली औषध मुरवलेलं पाइन मिळू शकतं. घेताना एक तुकडा मधोमध कापून बघा. रंग फक्त वरच्या कातडीला असेल तर ते ब्रशने रंगवलेलं आहे, परत करा. साग घ्यायचा असेल तर गाभ्याचाच. सागाचा बाहेरचा पांढरट भाग पाइनइतकाच कच्चा असतो. तिसरा पर्याय जिप्सम पार्टिशनला वापरतात तो जीआय (गॅल्व्हनाइझ्ड पत्र्याचा) चॅनल, आणि चौथा डब्ल्यूपीसीची, म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिसळून केलेली, भरीव पट्टी. माझं मत विचाराल तर पुण्यातल्या तळघरात डब्ल्यूपीसी. ओल जवळपास पीत नाही, वाळवीच्या कामाची नाही, सुताराच्याच हत्याराने कापली जाते. ती लाकडाइतकी स्क्रू धरत नाही, म्हणून आधी ड्रिल करून मगच स्क्रू घाला आणि टोकापासून दोन इंच आत.

औषध मुरवलेलं लाकूड घेतलंत तर कापलेल्या प्रत्येक टोकाला पुन्हा औषध लावा, स्क्रू स्टेनलेसचे किंवा जाड गॅल्व्हनाइझ्ड घ्या कारण त्यातल्या तांब्याने साधा स्क्रू गंजतो. उरलेले तुकडे बंबात किंवा शेकोटीत अजिबात घालू नका. काही औषधांत आर्सेनिक असतं.

पट्टीखाली ५ ते ६ मिलिमीटरची बंद पेशींची फोम पट्टी किंवा ईपीडीएम रबराची पट्टी अंथरा, पट्टीच्या रुंदीला पुरेल अशी, मध्ये खंड न पाडता. डब्ल्यूपीसी असली तरी ती हवीच, कारण पट्टीवरून पुढे उभं लाकूड आहे. या फोमच्या जाडीएवढी उभ्या पट्ट्यांची टोकं खालून कापावी लागतील. आधी मोजा, गुण्याने रेघ मारा, मग कापा. लाकूड आखूड झालं तर पाचर घालून भरायला लागतं आणि ते काम कायम कच्चं राहतं.

पट्टी जमिनीत अँकर स्क्रूने, साधारण ६० सेंटिमीटरवर. जमिनीतलं भोक ५० मिलिमीटरहून खोल नको, ड्रिलला टेप गुंडाळून खूण करा. भोकातली पूड फुंकून काढा, सीलंट भरा, मग स्क्रू पिळा. सूत लावून आणि ओळंबा सोडून भिंतीपासून अंतर तपासा. पट्टी भिंतीला टेकता कामा नये, निदान २० मिलिमीटर मोकळे हवेत.

उभ्या पट्ट्या

खालचं टोक मऊ असेल तर दिसणाऱ्या कुजीच्या वर आणखी एक फूट चांगलं लाकूड धरून कापा. तेवढ्या जागेत नवा तुकडा बसवा आणि जुन्या-नव्याच्या बाजूला एक जोडपट्टी लावा. ती दोन्हीकडे किमान दीड फूट जायला हवी, नाहीतर सांधा हलतो. कापलेल्या टोकाला औषध (पुढे दिलेलं टाकणखाराचं) पाजायला विसरू नका.

इथल्या बऱ्याच कामांत उभ्या पट्ट्या भिंतीवरच गिट्ट्या ठोकून आवळलेल्या असतात. त्या एकेक करून सोडवा, मागे प्रत्येक स्क्रूच्या जागी तळपट्टीच्या भिंतीपासूनच्या अंतराएवढ्या जाडीचा डब्ल्यूपीसीचा ठोकळा घाला आणि लांब स्क्रूने पुन्हा बसवा. एकदम सगळ्या सोडवू नका. खोली तेवढ्याने थोडी लहान होते, स्विचबोर्डच्या चौकटी पुढे घ्याव्या लागतात. करा ते.

टाकणखार पाजणं

जागेवर राहणाऱ्या साध्या लाकडाला औषध देता येतं आणि ते घरी बनवता येतं. १० लिटर गरम पाण्यात ६०० ग्रॅम बोरॅक्स म्हणजे टाकणखार आणि ४०० ग्रॅम बोरिक ॲसिड. ढवळून पूर्ण विरघळवा. गार झाल्यावर तळाशी खडे बसले तर पुन्हा कोमट करा. हातमोजे घाला, मुलं आणि कुत्री-मांजरं लांब ठेवा, बादली नंतर घरात वापरू नका.

पाठ, पोट, कडा आणि विशेषतः टोकं, सगळीकडे ब्रशने भरपूर लावा. एक दिवस सोडून पुन्हा लावा, टोकांना तिसऱ्यांदा. किंचित दमट लाकडात हे औषध आतवर पसरतं, म्हणून पट्टी अगदी ठणठणीत वाळण्याची वाट बघू नका. लावून झाल्यावर मात्र परत १५-१६ पर्यंत वाळू द्या आणि प्रायमरचा हात मारा. वाहत्या पाण्याने टाकणखार धुऊन जातो. म्हणूनच तळपट्टीला तो चालत नाही आणि म्हणूनच गळती आधी थांबवली.

बंद करताना

खालचा कापलेला एक फूट जुन्या प्लायने भरू नका. तिथे फायबर सिमेंट बोर्ड किंवा आयएस ७१० चा मरीन प्लाय लावा, जमिनीपासून १० मिलिमीटर उचलून, म्हणजे फरशी पुसताना पाणी चढणार नाही. ही खालची पट्टी खिळ्यांनी किंवा फेव्हिकॉलने कायमची करू नका. कप-वॉशरसकट स्क्रूने बसवा, केव्हाही उघडता येईल अशी. दिसायला बरी वाटावी म्हणून व्हिनियरशी जुळणारा रंग द्या किंवा मुद्दाम वेगळा गडद पट्टा करा. वर छताजवळ प्रत्येक भिंतीला दोन-तीन जाळ्या काढा. खालची फट आणि वरची जाळी मिळून पोकळीतली हवा हलती राहते.

बावधनच्या त्या खोलीत काकूंनी खालच्या पट्ट्यांना तपकिरी रंग दिला, पेटीच्या रंगाशी जुळणारा. आम्ही प्रत्येक पट्टीच्या आतल्या बाजूला पेन्सिलने तारीख आणि मीटरचा आकडा लिहून ठेवला आहे. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात स्क्रूड्रायव्हर घेऊन चार कोपरे उघडायचे आणि जुन्या आकड्याखाली नवा आकडा लिहायचा. मीटर मी त्यांच्याकडेच ठेवून आले.